कारखाना आणि माळवद

कारखाना व माळवदाचें घर यांत नातें असेल, हें पुष्कळांस पटणार नाहीं. कोंकणांतील आचरें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले स्थपति अच्युत कानविंदे यांनीं हार्वर्ड येथें ग्रोपिअस यांच्यापाशीं धडा घेतला, कीं इमारतीचें रूप तिच्या उपयोगांतून सिद्ध व्हावें. मात्र तो उपयोग त्यांनीं येथल्या उन्हावरून ठरविला. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें त्यांनीं गिलावा न दिलेली वीट योजिली, जोडवाटांवर छाया धरली. १९७० नंतर मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीवर उष्ण हवा बाहेर नेणारे मनोरे उभारले. मराठवाड्यांतील माळवदाचा झरोकाहि धूर असाच वर सोडतो. छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें कारखाने बांधणारांनीं तो झरोका विसरूं नये, असें आम्हांस वाटतें. छपराखालीं दिवस माणसांस काढावयाचा असतो.