पापणीच्या एका केसाचे गणित

मराठीत डोळ्यावर मिटते तीही पापणी आणि तिच्या कडेला उगवतात त्या केसांनाही पापण्याच म्हणतात. बोलताना हे खपून जाते. लॅश एक्स्टेन्शनचा विचार करताना मात्र खपत नाही, कारण या कामाचा पहिला नियमच असा आहे की कृत्रिम तंतू केसाला चिकटवायचा, पापणीच्या कातडीला कधीच नाही. मुळाशी अर्धा ते एक मिलिमीटर जागा मोकळी सोडायची.

वरच्या पापणीवर साधारण ९० ते १५० केस असतात आणि प्रत्येकाचे वय वेगळे असते. एक नुकताच वाढीला लागलेला, तर त्याच्या शेजारचा गळायला आलेला. म्हणून ‘आयसोलेशन’ ही या तंत्रातली मध्यवर्ती संज्ञा. एका चिमट्याने आजूबाजूचे केस सारून एकच केस सुटा करायचा आणि दुसऱ्या चिमट्याने ग्लूत टेकवलेला तंतू त्यावर बसवायचा. दोन केस एकमेकांना चिकटले की त्याला ‘स्टिकी’ म्हणतात. मग वाढणारा केस शेजारच्याला मुळापासून ओढत राहतो. आधी टोचते, नंतर केस अकाली गळतो आणि हे वारंवार घडले तर तिथे केस विरळ होतात. काम करणारीची पारख मी तरी भरगच्चपणावरून करणार नाही. केस सुटे आहेत का, हेच पाहीन.

दुसरा हिशेब वजनाचा. ‘क्लासिक’ पद्धतीत एका केसावर एक तंतू, बहुधा ०.१५ मिलिमीटर जाडीचा. ‘व्हॉल्यूम’मध्ये बारीक तंतूंचा पंखा, म्हणजे ‘फॅन’, एका केसावर बसतो. फॅन जड असणार असे अनेकींना वाटते. पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढ्याच लांबीचे ०.०५ जाडीचे पाच तंतू मिळून ०.१५ च्या एका तंतूच्या निम्म्याहून थोडेच जास्त भरतात. उलट ०.१५ ऐवजी ०.२० चा एकच तंतू घेतला, तर भार पावणेदोन पटींवर जातो.

जे, सी, डी ही अक्षरे वळणाची. जे जवळजवळ सरळ, डी सर्वांत उचललेले. लांबीबाबत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की केस डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असले की डोळ्यातला ओलावा कमीत कमी उडतो. त्याहून लांब केस वारा उलट डोळ्याकडे वळवतात. लांबच लांब पापण्यांचा हट्ट मला म्हणूनच पटत नाही.

ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. १९४२ मध्ये कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते हाती आले आणि फार चिकटते म्हणून बाजूला पडले. ते वाऱ्याने वाळत नाही, दमटपणाने घट्ट होते. बहुतेक ग्लूंना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या जुलैत ती सहज ८० च्या वर जाते. तंतू केसाला लागण्याआधीच ग्लू आळतो, पांढरा पडतो आणि पकड कच्ची राहते. विदर्भातल्या मे महिन्यात नेमके उलटे होते. ग्लू ओलाच राहतो, त्याची वाफ डोळ्याला झोंबते आणि स्टिकी वाढतात. म्हणून खोलीत आर्द्रतामापक हवाच, आणि ग्लूची अॅलर्जी तपासणारी पॅच टेस्ट एक-दोन दिवस आधी.

दोन-तीन आठवड्यांनी ‘इनफिल’ करतात. नवे तंतू लावण्याआधी केसाबरोबर पुढे सरकलेले जुने काढायचे असतात, आणि तेही ओढून नव्हे. रिमूव्हर क्रीम लावायचे, ग्लू मऊ पडेपर्यंत थांबायचे आणि तंतू अलगद सरकवायचा.