दुधात दोन चमचे

आमच्या लहानपणी घरोघरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असत. वाढदिवसाला पोराला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायची, रेघ ओढायची. रेघ भराभर वर सरकावी म्हणून दुधात दोन चमचे तपकिरी पावडर. संपली की बरणी घासूनपुसून मोहरीला.

या पावडरीचं मूळ उंचीत नाही. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या भावांनी 1883 मध्ये माल्टेड मिल्कचं पेटंट घेतलं. मोड आणलेले जव, गहू आणि दूध आटवून केलेली, पचायला हलकी भुकटी; आपल्या नाचणीसत्त्वाची लांबची मावसबहीणच. गिऱ्हाईक म्हणजे तान्ही बाळं आणि आजारी माणसं.

पण बाळं मोठी होतात, आजारी बरे होतात. धंदा वाढवायचा तर धडधाकट माणसालाही एखादं दुखणं हवं. 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेने ते पुरवलं: 'रात्रीची उपासमार'. झोपेतही हृदय चालतं, श्वास चालतो, म्हणजे शरीर रात्रभर उपाशी. म्हणून सकाळी थकवा. उपाय? निजताना एक कप.

भारतात तोच कप सकाळी दप्तर अडकवलेल्या पोराच्या हाती आला. तिकडे झोप, इकडे उंची, ताकद आणि तल्लख डोकं! आईबापांची धास्ती बदलली तसा गुण बदलला. 2008 मध्ये गंमत झाली. दक्षिण आशियासाठी केलेली, मुलं उंच, बळकट, हुशार होतात असं सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात ब्रिटनमध्ये दिसली आणि तिथल्या जाहिरात नियामकाने दावा सिद्ध होत नाही म्हणून ती रोखली. आपल्याकडे मात्र ते शब्द पाठ झाले होते.

2023 मध्ये बोर्नव्हिटा या तशाच दुसऱ्या पावडरीतल्या साखरेवरून गदारोळ उठला. 100 ग्रॅममध्ये साधारण 37 ग्रॅम वरून घातलेली साखर. म्हणजे 20 ग्रॅम पावडरीत साडेसात ग्रॅम, आणि त्यावर पोर नाक मुरडतं म्हणून आईने घातलेला चमचा वेगळाच. वर्षअखेरीस कंपनीने साखर थोडी कमी केली.

एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना कळवलं, की अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. अशी पेयं त्या रकान्यातून काढा. हिंदुस्तान युनिलिव्हरने मग हॉर्लिक्सच्या गटाचं नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' केलं. आमच्याकडे तिला नुसतं 'दुधातली पावडर' म्हणत.