रिंगखालून बाहेर

सीमाभागातल्या येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानात लाल मातीवरच्या कुस्त्या बघत तू वाढलास. पण अंगाला उंची मिळाली सहा फूट दहा इंच, म्हणून कुणीतरी हातात बास्केटबॉल दिला आणि एवढंच सांगितलं, "रिंगखाली उभा राहा, हात वर कर." सेंटरला हेच शिकवत आलेत. हा हुकूम कुठून आला आणि कसा मोडला, ते आज स्वतः खेळून बघ.

मिनियापोलिस, २२ नोव्हेंबर १९५०

तू लेकर्सचा जॉर्ज मायकन आहेस. डोळ्यांवर चष्मा, उंची तुझीच. रिंगखालची लेन, म्हणजे हल्ला करणाऱ्याला जिथं फार वेळ थांबता येत नाही तो पट्टा, जेमतेम सहा फूट रुंद. तिच्या बाहेर पाय रोवलेस तरी रिंग हाताशीच. चेंडू तुला मिळाला की गुण गेले, हे फोर्ट वेन पिस्टन्सना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते हल्लाच करत नाहीत, नुसता चेंडू धरून वेळ काढतात. प्रेक्षक संतापतात. सामना १९-१८ असा संपतो आणि तू हरतोस. तुझ्या संघाच्या १८ गुणांतले १५ तुझे एकट्याचे!

एका उंच माणसाच्या धाकानं खेळ थिजतो, तेव्हा नियमच बदलावे लागतात. पुढच्या मोसमात लेन बारा फुटांची होते. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत शॉट मारायचं बंधन येतं.

हर्शी, पेन्सिल्वेनिया, २ मार्च १९६२

आता तू वॉरियर्सचा विल्ट चेंबरलेन. समोर न्यूयॉर्क निक्स, गॅलरीत ४,१२४ माणसं. सहकाऱ्यांचं काम एकच, चेंडू तुझ्याकडे टाकायचा. फ्री थ्रो तू खालून, दोन्ही हातांनी झुलवत टाकतोस आणि ३२ पैकी २८ घालतोस. शेवटच्या मिनिटात तुझे शंभर गुण पूर्ण होतात, लोक मैदानात घुसतात. दोन वर्षांनी लेन आणखी रुंद होते, सोळा फूट. प्रत्येक नियम तुला रिंगपासून दूर लोटतोय, आणि तू तरीही परत आत शिरतोयस.

लॉस एंजेलिस, जून २०००

शकील ओनील होऊन बघ. रिंगकडे पाठ, मागं इंडियाना पेसर्सचा गडी. आखाड्यात पैलवान समोरच्याला रेटत नेतो तसा तू त्याला पाठीनं इंच इंच मागं सारतोस, मग वळतोस आणि चेंडू आत दाबतोस. अंतिम मालिकेत सरासरी ३८ गुण. तुला थांबवायला ते मुद्दाम फाउल करतात. दुसऱ्या सामन्यात तुला ३९ फ्री थ्रो मिळतात, त्यातले आत जातात फक्त १८.

रिंगखालच्या खेळाचा हाच कळस, आणि इथूनच उतार. २००१-०२ च्या मोसमापासून एनबीएत झोन डिफेन्सला परवानगी मिळते. तुझ्याकडे चेंडू येण्याआधीच दुसरा खेळाडू वाटेत उभा राहू लागतो. तिकडे तीन गुणांच्या शॉटचा हिशेब प्रशिक्षकांना पटायला लागतो. २०१२ मध्ये ऑल-स्टारच्या मतपत्रिकेवरून 'सेंटर' हा वेगळा रकानाच काढून टाकला जातो.

ब्रुकलिन, २०१६

ब्रुक लोपेझ हो. सात फुटांचा देह. पहिल्या आठ मोसमांत मिळून तुझे तीन गुणांचे शॉट आत गेले ते फक्त तीन. या मोसमात १३४ जातात! तू कमानीबाहेर उभा राहिलास की तुझ्यावरचा उंच रक्षकही मागोमाग बाहेर येतो. रिंगखालची जागा रिकामी होते आणि गार्ड तिथून सुसाट आत शिरतात. आता तुझी उंची संघासाठी वाट मोकळी करते.

वरळी, मुंबई, ४ ऑक्टोबर २०१९

एनएससीआय डोममध्ये हजारो शाळकरी मुलं आहेत. भारतात एनबीएच्या संघांचा हा पहिलाच सामना. एकीकडे पेसर्स, दुसरीकडे सॅक्रॅमेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्मानं मुंबईकरच. जादा वेळेत पेसर्स १३२-१३१ असे जिंकतात. त्यांच्यातला एक सेंटर नीट बघून ठेव, डोमांटास साबोनिस. वडील आर्विदास साबोनिस हे लिथुआनियाचे सव्वासात फुटी सेंटर. गार्डला लाजवतील असे त्यांचे पास.

सॅक्रॅमेंटो, एप्रिल २०२३

हाच मुलगा वर्षभरापूर्वी रणदिवेंच्या किंग्जमध्ये आलाय. आता तू तो हो. फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी चेंडू धरून उभा राहा. सहकारी तुझ्याभोवती धावतायत. एकाला हातात दे, दुसऱ्याला पाठीमागून पास कर, कुणीच मोकळा नसेल तर स्वतः आत घुस. सोळा मोसमांनी किंग्ज प्लेऑफमध्ये पोहोचलेत. आणि रिबाउंडमध्ये सगळ्या लीगमध्ये अव्वलही तूच.

म्हणजे रिंगखालचं काम संपलेलं नाही, तिथं खांबासारखं उभं राहणं संपलंय. डेन्व्हरच्या निकोला योकिचनं २०२४-२५ मध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हींची सरासरी दहाच्या वर नेली; कुठल्याही सेंटरला हे आधी जमलं नव्हतं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड ४१ वी होती.

म्हणून सीमाभागातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. उंच पोरगं आलं की त्याला बुटक्या पोरांबरोबरच ड्रिबल करू द्या, दोन्ही हातांनी पास शिकवा, लांबून शॉट मारू द्या, चुकू द्या. उंची बघून त्याचं काम पहिल्याच दिवशी ठरवलंत, तर त्याच्यातला निम्मा खेळाडू तुम्हाला कधी दिसणारच नाही.