गळदोरी व रीळ

गळदोरी व रीळ : गळाने मासे पकडण्यासाठी वापरण्यात येणारी दोरी व ती गुंडाळून ठेवण्याचे, हवी तेव्हा सोडण्याचे आणि परत ओढून घेण्याचे चक्राकार साधन. गळाला कोकणात गरी व गळाने मासे धरण्याच्या क्रियेला गरवणे म्हणतात. देशावरील नद्यांत, कोल्हापूरजवळच्या पंचगंगेतही, कळकाची काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, गळ आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढ्या सामग्रीवर ही मासेमारी चालते. अशा साधनात काठीच्या लांबीहून फारशी अधिक दोरी ठेवता येत नाही. मोठा मासा जोराने पळाला की दोरी तुटते, काठी मोडते किंवा गळ सरळ होतो. माशाला पळू द्यावे, पण मोकळे सुटू देऊ नये, या गरजेतून रीळ निर्माण झाले. रिळावर दोरी कशी भरावी हे मात्र दोरीच्या द्रव्यावर अवलंबून असते. द्रव्य बदलले तसतशी भरण्याची रीतही बदलत गेली.

इतिहास : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११२९) या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण असून त्यात गळाने मासे धरण्याच्या राजविनोदाची व त्यासाठी लागणाऱ्या आमिषांची माहिती आढळते. त्या काळी कोल्हापूरचा प्रदेश चालुक्यांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या सत्तेखाली होता. रिळाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र चीनमधील आहे. मा युआन या चित्रकाराच्या सु. ११९५ मधील चित्रात नावेत बसलेला कोळी व त्याच्या काठीवरील लहानसे रीळ स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये रिळाचा उल्लेख टॉमस बार्कर यांच्या १६५१ मधील पुस्तकात प्रथम आढळतो. त्या काळातील यूरोपीय दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांना पीळ देऊन केलेली असे. केसांचे आखूड तुकडे गाठींनी जोडावे लागत असल्यामुळे ती काठीच्या कड्यांतून सहज सरकत नसे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत रेशमी दोरीचा प्रसार झाला. वेणीसारखी विणलेली व तेल मुरवलेली रेशमी दोरी अखंड, गुळगुळीत व बळकट होती. परंतु ती महाग होती आणि वापरानंतर रोज वाळवली नाही, तर कुजत असे. म्हणून फेकण्यापुरतीच रेशमी दोरी वर ठेवून तिच्याखाली स्वस्त व बारीक सुती किंवा तागाची दोरी गुंडाळण्याचा प्रघात पडला. या तळच्या दोरीला शौकीन मंडळी बॅकिंग म्हणतात. तिला येथे तळदोरी म्हटले आहे. प्रारंभी तिचे प्रयोजन दुहेरी होते : खर्चाची बचत आणि मासा दूर पळाल्यास हाताशी असलेला राखीव साठा.

भारतात या राखीव साठ्याचे महत्त्व महसीर या माशामुळे ठळक झाले. दख्खनी महसीर हा कृष्णा खोऱ्यातील नद्यांतही आढळणारा मोठा मासा होय. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करताना ‘खुद्री’ हे येथील स्थानिक नावच त्याच्या जातिनामात योजले. आमिष घेताच महसीर प्रवाहात मुसंडी मारतो व पहिल्याच पळात बरीच दोरी ओढून नेतो. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर येथील नद्यांतील गळमासेमारीवर इंग्रजीत बरेच लेखन झाले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कबिनी नदीत सु. ५४ किग्रॅ. वजनाचा महसीर धरला. तो कुबडाच्या महसीर जातीचा होता. एवढ्या वजनाचा मासा केवळ दोरीच्या बळावर रोखता येत नाही. त्याला दोरी सोडत सोडत दमवावे लागते.

रिळाच्या रचनेतील मोठे स्थित्यंतर वस्त्रोद्योगाच्या अनुभवातून झाले. ब्रॅडफर्ड येथील गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रिळाचे एकस्व घेतले. मागाच्या कांडीवरून सूत जसे कांडी न फिरता तिच्या टोकावरून सुटते, तशी या रिळावरची दोरी सुटते. त्यामुळे हलके आमिषही दूर फेकता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. कांडी सैल भरली की सुताचे वेढे एकदम घसरतात व सूत गुंततो, ही तेथील विणकराच्या नित्य परिचयाची गोष्ट रिळालाही तंतोतंत लागू पडते.

कृत्रिम तंतू : नायलॉनचा शोध १९३५ मध्ये लागला व १९३९ च्या सुमारास त्याची एकतंतू दोरी बाजारात आली. आपल्याकडे तिला तंगूस म्हणतात. ती कुजत नाही, पाण्यात फारशी दिसत नाही आणि स्वस्त आहे. पण ताणली असता लांबते. ताणून गुंडाळलेली नायलॉनची दोरी आकसू पाहते व तिच्या शेकडो वेढ्यांचा एकत्रित दाब कमकुवत फिरकी फोडू शकतो. पुढे १९७९ मध्ये नेदर्लंड्समध्ये पॉल स्मिथ व पीट लेमस्ट्रा यांनी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनापासून अत्यंत बळकट तंतू काढण्याची पद्धत शोधली. १९९० नंतर अशा तंतूंच्या वेणीदोऱ्या प्रचारात आल्या.

वेणीदोरी जवळजवळ लांबत नाही व त्याच बळाच्या नायलॉनहून पुष्कळच बारीक असते. या गुणांतूनच नव्या अडचणी उद्भवल्या. दोरीचा व्यास निम्मा झाला की त्याच फिरकीवर चौपट लांबी मावते. म्हणजे ज्या फिरकीवर ०·४० मिमी. जाडीची १०० मी. दोरी बसते, तिच्यावर ०·२० मिमी. जाडीची सु. ४०० मी. बसते. इतक्या महाग दोरीची गरज नसते. शिवाय ही दोरी निसरडी असल्यामुळे गुळगुळीत धातूच्या फिरकीवर थेट बांधल्यास संपूर्ण गुंडाळाच फिरकीभोवती घसरत राहतो. त्यामुळे खर्चासाठी सुरू झालेली तळदोरी आता पकडीसाठीही आवश्यक ठरली. प्रथम नायलॉनचे काही थर बेताच्या ताणाने गुंडाळतात, तिला बारीक गाठीने वेणीदोरी जोडतात आणि ती ओल्या फडक्यातून घट्ट ओढत भरतात. ती सैल राहिली, तर मासा ओढू लागताच वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो. तळदोरी किती लागेल हे ठरविण्यासाठी आधी वेणीदोरी व तिच्यावर तळदोरी अशी उलट्या क्रमाने फिरकी भरून पाहतात आणि मग सर्व दोरी उलटवून घेतात. स्थिर फिरकीच्या काठाखाली दोनतीन मिमी. जागा मोकळी सोडतात.

फिरकी पुरेशी भरण्यामागे यांत्रिक कारणही आहे. रिळाचा रोध कायम असला, तरी गुंडाळ्याची त्रिज्या कमी होते तसा दोरीवरील ताण त्याच प्रमाणात वाढतो. ३ सेंमी. त्रिज्येवर ३ किग्रॅ. ताणाला दोरी सुटेल असा रोध लावला असेल, तर त्रिज्या १·५ सेंमी. झाल्यावर ती सुटण्यास ६ किग्रॅ. ताण लागतो. दोरीचे बळ ५ किग्रॅ. असल्यास ती मासा सर्वांत दूर असताना तुटते आणि मासा तोंडातील गळ व मागे लोंबणारी दोरी घेऊन जातो. खडकात किंवा झुडपात ती अडकली, तर तो मरतो. भरीव तळदोरीमुळे त्रिज्या फारशी घटत नाही व हा धोका कमी होतो. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा रूढ होत असल्याने या बाबीला विशेष महत्त्व आले आहे. धरणे, सांडपाणी, सुरुंगाने केलेली मासेमारी यांमुळे नद्यांतील महसीर घटले असून लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने त्यांच्या पैदाशीचे केंद्र चालविले आहे.

रेशमी दोरी कुजत असे. तिची रोज काळजी घ्यावी लागे, पण टाकून दिलेली दोरी कालांतराने नाहीशी होई. नायलॉन व पॉलिएथिलीन यांच्या दोऱ्या वर्षानुवर्षे टिकतात. काठावर फेकलेले त्यांचे तुकडे बगळे, पाणकावळे, कासवे यांच्या पायांत व गळ्यात अडकतात. म्हणून रिळावरून काढलेली जुनी दोरी पाण्यात किंवा काठावर न टाकता गोळा करून नेणे हाही रीळ भरण्याच्या कामाचाच एक भाग मानला पाहिजे.