अँटेना चांगली, हे ठरवायचे कसे?

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिल या टेकडीवर मार्कोनीने पतंगाला बांधून एक लांब तार आकाशात सोडली आणि इंग्लंडमधल्या पोल्डू इथून निघालेले तीन ठिपके, म्हणजे मोर्सच्या लिपीतले ‘एस’ हे अक्षर, कानाने ऐकल्याचे जाहीर केले. ऐकणारे दोघेच : तो आणि त्याचा सहायक. कागदावर यंत्राची नोंद नव्हती. साहजिकच शंका निघाल्या आणि त्यावरचा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

मार्कोनीने त्यावर उपाय शोधला. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावरून अटलांटिक ओलांडताना त्याने येणारे संकेत कागदी पट्टीवर उमटवून घेतले. त्यातून एक नवीच गोष्ट कळली. अँटेना तीच, पाठवणारे केंद्र तेच, पण दिवसा संकेत सुमारे ७०० मैलांपर्यंत पोचत आणि रात्री २,००० मैलांपर्यंत. फरक पडला होता तो आकाशामुळे. रेडिओचा छंद करणाऱ्यांना, ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो, हीच अडचण पुढे शंभर वर्षे छळत राहिली. काल जुनी तार होती, आज नवी लावली, आवाज खणखणीत येतोय. आता श्रेय नव्या तारेला द्यायचे की आजच्या आकाशाला?

अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरच्या तरंगलांबीच्या आसपास आणि तिच्याखाली ढकलले होते. या लहरी दूर जात नाहीत, असाच त्या वेळचा समज. १९२१ च्या फेब्रुवारीत अटलांटिकपार संकेत पाठवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. दोष पाठवणाऱ्यांचा की ऐकणाऱ्यांचा? हे ठरवायला अमेरिकन हॅम संघटनेने पॉल गॉडली या जाणकाराला स्कॉटलंडला धाडले. आर्ड्रोसन गावाजवळ, समुद्रकाठच्या शेतात, थंडीवाऱ्यात त्याने तंबू ठोकला आणि बुटक्या खांबांवरून सुमारे १,३०० फूट लांबीची तार ओढली. सोबत साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा निरीक्षक बसला. १२ डिसेंबर १९२१ च्या पहाटे कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथल्या हौशी केंद्राचा पूर्ण संदेश त्यांनी उतरवून घेतला. मार्कोनीच्या त्या दिवसाला बरोबर वीस वर्षे झाली होती. त्याच दिवसांत काही ब्रिटिश हौशींनीही अमेरिकन केंद्रे पकडली.

गॉडलीची तार ‘बेव्हरेज’ जातीची होती. संदेश पाठवायला ही तार अगदीच कुचकामी, कारण बरीचशी शक्ती जमिनीतच जिरते. ऐकायला मात्र उत्तम. ती एका दिशेचे ऐकते आणि बाकीच्या दिशांची खरखर आत येऊ देत नाही. म्हणून ‘अँटेना चांगली का?’ एवढे विचारून भागत नाही. कशासाठी चांगली, हेही विचारावे लागते.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. हॅम एकमेकांना आवाजाचे गुण देतात. पाच आणि नऊ हे पैकीच्या पैकी. पण जेवून उठलेला पाहुणा जसा सगळेच ‘छान’ म्हणतो, तसे हे गुणही बऱ्याचदा शिष्टाचारापुरतेच असतात. तिसरी अडचण मापाची. अँटेनाचा लाभ डेसिबलमध्ये सांगतात. तीन डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दुप्पट. पण कशाच्या तुलनेत? साध्या द्विध्रुव तारेच्या, की सर्व दिशांना सारखे पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या? नुसती फूटपट्टी बदलली की तीच अँटेना २.१५ डेसिबलने ‘सुधारते’. यालाच आपल्याकडे मापात पाप म्हणतात.

दूरदर्शनच्या काळात गच्चीगच्चीवर दिसणारी आडव्या नळ्यांची अँटेना जपानमधल्या सेंदाई इथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणली. एक जण गच्चीवर ती फिरवतोय आणि खालून दुसरा ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडतोय, ही मोजणीच होती. यागी अँटेनात नळ्यांची लांबी आणि अंतर किती असावे, याची काटेकोर मापे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या पीटर व्हिझबिकी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. मोकळ्या मैदानावर, माहीत असलेल्या अँटेनाशी ताडून काढलेली ही मापे. हौशी मंडळींनी ती आपलीशी केली.

पण घराच्या छपरावर मैदान कुठून आणणार? त्याचे उत्तर २००८ मध्ये आले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले जो टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी ‘व्हिस्पर’, म्हणजे कुजबूज, नावाची मोफत संगणकप्रणाली दिली. अगदी थोड्या शक्तीचा संकेत जवळपास दोन मिनिटे जातो. जगभरची केंद्रे तो आपोआप ऐकतात आणि खरखरीच्या तुलनेत तो किती होता, ते नोंदवतात. इथे शिष्टाचाराला जागा नाही. दोन अँटेना, दोन सारखी यंत्रे, सारखी शक्ती, तीच दोन मिनिटे आणि ऐकणारे केंद्रही तेच. मग आकाशाचा चढउतार दोघींच्या वाट्याला जवळपास सारखा येतो आणि उरतो तो बहुतांशी अँटेनांमधला फरक. अशा शेकडो नोंदींची सरासरी काढली की निकालावर विसंबता येते.

महागडी अँटेना अशा कसोटीत कधी कधी पंधरा मीटर साध्या तारेपेक्षा फारशी सरस ठरत नाही. खर्च करून बसलेल्याला ते रुचत नाही. पण खरेदीच्या आधी ही मोजणी केली, तर पैसे वाचतात आणि ती तार गच्चीवर आणखी थोडी उंच बांधायचे सुचते.