मेडशी ते रिसोड : शेगावच्या पालखीची वाशीम जिल्ह्यातील वाट

शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी अकोला आणि पातूर मागे टाकून वाशीम जिल्ह्यात प्रवेश करते, आणि मेडशी, मालेगाव, शिरपूर जैन व रिसोड या वाटेने पुढे मराठवाड्यात उतरते. मात्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले वाशीम शहर, म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, या वाटेच्या पूर्वेला बाजूलाच राहते. यामागील कारण नकाशावर दिसते. रिसोडपासून सेनगावमार्गे औंढा नागनाथ, तेथून परभणी व गंगाखेडवरून परळी वैजनाथ, आणि पुढे अंबाजोगाई व तुळजापूर अशी ही वाट ज्योतिर्लिंगे आणि देवीची ठाणी जोडत जात असल्यामुळे तिला राजधानीपेक्षा रिसोडचा उंबरठा अधिक सोयीचा आहे.

ही वाट जितकी जुनी भासते तितकी ती नाही. आळंदीच्या ज्ञानेश्वर पालखीला सध्याचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात दिले, आणि देहूची पालखी तर तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांच्या काळापर्यंत मागे जाते. शेगावच्या पालखीचा आरंभ मात्र १९६८ चा आहे. गजानन महाराज १८७८ मध्ये शेगावात प्रकट झाले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या चरित्रग्रंथात त्यांच्या पंढरपूर-प्रवासाचे वर्णन आहे, पण ते आगगाडीने केलेल्या प्रवासाचे आहे. रेल्वेने वारी सोपी केल्यानंतर सुमारे साडेसातशे किलोमीटरचे अंतर पायी तोडण्याची संस्थानी परंपरा उभी राहावी, ही या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट मानावी लागते.

या परंपरेच्या आधी नकाशाही बदलावा लागला होता. १८५३ च्या तहाने वाशीमसह वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तर रिसोडच्या दक्षिणेकडचा हिंगोली-परभणीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे आज रिसोडहून सेनगावकडे जाताना पालखी जी जिल्हासीमा सहज ओलांडते ती एके काळी दोन राजवटींमधील हद्द होती, आणि दोन्ही मुलूख एका राज्यात आले ते १९५६ मध्ये. वाशीमचे स्वतःचे प्रशासकीय चरित्रही असेच तुटक आहे: इंग्रजी अमलातील ‘बासिम’ जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला, त्यामुळे पहिल्या पालखीच्या वेळी हा सारा टापू अकोला जिल्ह्यातच मोडत होता.

दिंडी म्हणजे विणेकऱ्यामागे ओळीने चालणारा, टाळ-मृदंगाच्या साथीने भजन करणारा वारकऱ्यांचा समूह. शेगावच्या दिंडीत पताकाधारी, टाळकरी आणि सेवेकरी मिळून सुमारे सातशे जण असतात, आणि त्यांची संख्या व शिस्त शेगावचे गजानन महाराज संस्थान ठरवते. आळंदीच्या वाटेवरील वाढत्या गर्दीशी तुलना केली, तर हा संयम डोळ्यांत भरतो. अंतर मोठे असल्याने पालखी आळंदीच्या आधीच निघते, त्यामुळे वाशीम जिल्ह्यात ती पेरणीपूर्वीच्या उन्हात, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानांमधून चालते.

शिरपूरचा पडाव विशेष आहे, कारण हे गाव मुख्यतः अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखले जाते, आणि ज्या मूर्तीच्या पूजेवरून श्वेतांबर व दिगंबर पंथांचा वाद न्यायालयांत दशकानुदशके चालला, तिच्याच गावात वारकऱ्यांचे स्वागत होते. मालेगावात अकोला-नांदेड महामार्गावरील बाजारपेठ दिंडीला वाट करून देते, आणि याच तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग, ज्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पायी चालणाऱ्यांना बंद आहे. त्याच वर्षी उन्हाळ्यात, करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे खंडित झालेली पालखी जुन्या रस्त्याने पुन्हा रिसोडकडे गेली होती.