खांबावरचा चेहरा, पाटीवरचा आकडा

आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागला की समजायचं, कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस आहे. अमेरिकेतल्या अनेक छोट्या गावांत मात्र रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर वेगळेच बॅनर दिसतात. गणवेशातला एक चेहरा, खाली नाव, कुठल्या दलात होता, कुठल्या युद्धाच्या काळात होता. या उपक्रमाला म्हणतात 'होमटाउन हीरोज'. फोटो घरच्या अल्बममधला. खर्च घरचे करतात, नाहीतर गावातला एखादा दुकानदार.

बऱ्याच ठिकाणी हे बॅनर ११ नोव्हेंबरच्या 'व्हेटरन्स डे'पर्यंत ठेवतात. ही तारीख आली पहिल्या महायुद्धातून. १९१८ साली याच दिवशी पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या.

आता गंमत बघा, त्याच युद्धात आपलीही माणसं होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. सातारा, कोकणातल्या काही गावांत इंग्रजांनी बसवलेली दगडी पाटी अजून आहे. त्या ठरावीक मजकुरात दोनच आकडे असतात : गावातून किती जण गेले आणि त्यातले किती मेले. नाव कुणाचंच नाही.

मला हेच टोचतं. त्या आकड्यात आपला पणजोबा आहे का, हे पाटी सांगणार नाही. ते फक्त घरात कळेल. म्हणून यंदा गावी गेलात की आजीला विचारा, जुनी ट्रंक उघडा. एखादा फोटो सापडलाच, तर आधी त्याच्यामागे नाव लिहा. बॅनरचं नंतर बघू.